अमेरिकी कॉलेज कॉन्फरन्स टीव्ही नेटवर्कशी करार कसा करतात: पायरी-पायरीने

कॉर्व्हॅलिसच्या रेझर स्टेडियममध्ये मी पहिल्यांदा कॉलेज फुटबॉलचा सामना पाहायला गेले, तेव्हा माझं लक्ष खेळापेक्षा लाल टोपी घातलेल्या एका माणसाकडे जास्त जात होतं. तो खेळाडू नव्हता, पंचही नव्हता. कानाला हेडसेट लावून साइडलाइनला उभा असायचा. मधूनच दोन पावलं मैदानात यायचा, आणि बावीस तगडी पोरं, सगळे पंच आणि पावसात भिजणारे हजारो लोक मुकाट्याने थांबायचे. तो बाजूला झाला की खेळ पुन्हा सुरू. शेजारी बसलेल्या आजोबांना विचारलं, तर म्हणाले, "टीव्हीवर जाहिराती चालू आहेत."

तो माणूस तिथे उभा असतो तो एका करारामुळे. सामना दुपारी बाराला सुरू होणार की रात्री साडेसातला, व्हॉलीबॉलच्या मुलींना किती तास विमानात काढावे लागणार, कुठल्या विद्यापीठाची तालीम नवी होणार, हे सगळं त्याच करारातून ठरतं. आणि हाच करार फसला म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये शंभरी पार केलेली पॅक-१२ कॉन्फरन्स एका आठवड्यात कोसळली. कॉर्व्हॅलिसची ऑरेगन स्टेट त्या ढिगाऱ्यात मागे राहिलेल्या दोन विद्यापीठांपैकी एक. तेव्हापासून मी हा विषय नीट समजून घेत आले आहे. क्रीडा व्यवस्थापन शिकायला अमेरिकेत आलेली मराठी मुलं मला याबद्दल बरेचदा विचारतात, म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून काढते.

ज्यांना हे जग नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांचा संघ. बिग टेन, एसईसी, एसीसी आणि बिग १२ ही सध्याची चार मोठी नावं. प्रत्येकीचा एक पगारी कमिशनर असतो, पण त्याचे मालक म्हणजे सदस्य विद्यापीठांचे अध्यक्ष. पैसा मुख्यतः फुटबॉलचा, त्याखालोखाल बास्केटबॉलचा.

सुरुवात: हक्क मुळात कुणाचे?

१९५० च्या दशकापासून कॉलेज फुटबॉलचं टीव्ही प्रक्षेपण एनसीएए ही देशव्यापी संस्था आपल्या मुठीत ठेवून होती. १९८२ ते ८५ च्या योजनेत तर कुठलाही संघ दोन वर्षांत सहापेक्षा जास्त वेळा टीव्हीवर दिसू शकत नव्हता. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया ही विद्यापीठं कोर्टात गेली आणि जून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी निकाल दिला: ही मक्तेदारीविरोधी कायद्याची पायमल्ली आहे. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः तरुणपणी कोलोरॅडोचे गाजलेले फुटबॉलपटू होते. पैशाने कॉलेजचा खेळ बदलून जाईल, ही त्यांची काळजी आज वाचताना मन थबकतं.

निकालाचा व्यवहारी अर्थ एवढाच की यजमान विद्यापीठ आपल्या मैदानावरच्या सामन्याचे हक्क स्वतः विकू शकतं. नोत्र दाम १९९१ पासून एनबीसीला आपले घरचे सामने एकट्याने विकत आलं आहे. बाकीच्यांना एकट्याने तेवढा भाव मिळत नाही, म्हणून ते कॉन्फरन्सच्या गाठोड्यात आपले हक्क टाकतात. हे गाठोडं मोठ्या व्यावसायिक लीगसारखं आपोआप बांधलेलं नसतं. ते दर वेळी नव्याने बांधावं लागतं.

पहिली पायरी: नेटवर्ककडे जाण्याआधी घरातल्यांच्या सह्या घ्या

माझ्या मते सगळ्या प्रक्रियेत हीच पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि बातम्यांत तिचाच उल्लेख सर्वांत कमी असतो.

या सह्या ज्या कागदावर होतात त्याला ग्रँट ऑफ राइट्स म्हणतात. त्यात प्रत्येक विद्यापीठ आपल्या घरच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क ठरावीक वर्षांसाठी कॉन्फरन्सच्या नावे करून देतं. मधेच कॉन्फरन्स सोडली तरी हक्क मागेच राहतात. जाणारा संघ नव्या घरी रिकाम्या हाताने जाणार असेल, तर नवं घर त्याला दारात उभं करत नाही. नुसत्या एक्झिट फीने, म्हणजे सोडून जाण्याच्या दंडाने, हे साधत नाही. मेरीलँडने २०१२ मध्ये एसीसी सोडायचं ठरवलं तेव्हा दंड ५.२ कोटी डॉलरच्या वर होता. कोर्टबाजी झाली आणि २०१४ मध्ये मिटलं ३.१४ कोटींवर. मेरीलँडच्या घोषणेनंतर काही महिन्यांतच, २०१३ मध्ये, एसीसीने सगळ्यांकडून ग्रँट ऑफ राइट्स लिहून घेतलं आणि २०१६ मध्ये ते २०३६ पर्यंत वाढवलं.

समजा तुम्ही कमिशनर आहात. नेटवर्कच्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तुमचे कोण कोण राहणार आहेत?" त्याला सामने विकत घ्यायचेत, आश्वासनं नकोत. पण विद्यापीठाचे अध्यक्ष म्हणतात, "आधी आकडा दाखवा, मग सही करतो." नेटवर्क म्हणतं, आधी सह्या दाखवा, मग आकडा सांगतो. हा पेच सोडवणं हेच कमिशनरचं खरं काम. मोठ्या दोन-तीन विद्यापीठांच्या अध्यक्षांना एकेकटं भेटून, किमान किती मिळालं तर तुम्ही राहाल हे त्यांच्या तोंडून काढून घ्यायचं, आणि तो आकडा कुठे फुटू द्यायचा नाही.

दुसरी पायरी: माल मोजा, आणि आधी काय विकलंय तेही बघा

एका हंगामात घरचे सामने किती? त्यातले कॉन्फरन्समधले किती, बाहेरच्यांशी किती? अंतिम सामना कुणाच्या ताब्यात? बास्केटबॉल, महिलांचे खेळ, ऑलिम्पिक खेळ यांचं काय? ही यादी तयार झाली की तिचे थर लावतात. वरच्या थरात दर आठवड्याचा सर्वांत मोठा सामना, तो देशभर दिसणाऱ्या चॅनलला. मधल्या थरात केबल. खालच्या थरात कॉन्फरन्सचं स्वतःचं चॅनल किंवा स्ट्रीमिंग.

आता माल फक्त सामन्यांत मोजत नाहीत, वेळेच्या खिडक्यांत मोजतात. बिग टेनचा २०२३ पासूनचा करार याचा नमुना आहे. पूर्वेकडच्या वेळेनुसार दुपारी १२ ची खिडकी फॉक्सची, साडेतीनची सीबीएसची, रात्री साडेसातची एनबीसीची. तीन नेटवर्क, तिघांनाही शनिवारचा स्वतःचा हक्काचा तास, आणि कुणी कुणाच्या पायावर पाय देत नाही. सात वर्षांचे ७०० कोटी डॉलरहून जास्त मिळतील असा आकडा त्या वेळी जाहीर चर्चेत होता.

याच करारात यादी नीट न तपासण्याची किंमतही दिसली. एनबीसीला रात्रीची खिडकी विकली गेली, पण नोव्हेंबरच्या कडाक्याच्या थंडीत रात्रीचे सामने नाकारायची सवलत काही मोठ्या विद्यापीठांना पूर्वापार होती. ते त्या सवलतीवर अडून बसले. करार घडवणारे कमिशनर केव्हिन वॉरन तोवर निघून गेले होते, आणि नवे कमिशनर टोनी पेटिटी यांना आल्या आल्या हे निस्तरावं लागलं. म्हणून जुने करार, जुन्या सवलती, तोंडी चालत आलेले रिवाज, सगळं बाहेर काढून एका कागदावर आणल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तिसरी पायरी: भाव काढा

मथळ्यातल्या आकड्याने दिपून जायचं नाही. त्याला वर्षांनी भागा, मग सदस्यांनी. बिग १२ चा ऑक्टोबर २०२२ मधला करार घ्या: सहा वर्षांचे २२८ कोटी डॉलर. वर्षाला ३८ कोटी. बारा सदस्यांत भागले की प्रत्येकी साधारण ३.१७ कोटी. अध्यक्षांना समजतो तो हा शेवटचा आकडा. त्यातही पहिल्या वर्षी कमी आणि पुढे चढत जाणारी रक्कम असते, हे लक्षात ठेवायचं.

भाव कशावर ठरतो? मुख्य गोष्ट प्रेक्षक. एखादा सामना ४० लाख लोकांनी पाहिला की तो मोठा, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. असे सामने वर्षाला किती भरतात, आणि त्यांतले किती दोन-तीन संघांच्याच जिवावर उभे आहेत, हे नेटवर्कला पाठ असतं. तुम्हालाही पाठ पाहिजे, कारण ते दोन-तीन संघ गेले तर उरलेल्या मालाचा भाव काय, हे समोरचा मनातल्या मनात मोजत असतो.

केबलच्या भरभराटीच्या काळात आणखी एक हिशेब चाले. कॉन्फरन्सचं चॅनल ज्या राज्यात घरचं मानलं जाई, तिथे दर घरामागे दर महिन्याला जास्त शुल्क मिळे, मग त्या घरात कुणी फुटबॉल बघो वा न बघो. बिग टेनने २०१४ मध्ये रटगर्स आणि मेरीलँडला घेतलं ते न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनच्या परिसरातली घरं डोळ्यांसमोर ठेवून. आता लोक केबल सोडताहेत, त्यामुळे शहरातली घरं मोजण्यापेक्षा खरोखर किती जण बघतात याला वजन आलं आहे.

चौथी पायरी: स्वतःचं चॅनल काढायचं का?

याचं उत्तर दोन कॉन्फरन्सच्या अनुभवात मिळतं.

बिग टेन नेटवर्क ३० ऑगस्ट २००७ ला सुरू झालं, फॉक्सला भागीदार घेऊन. कॉमकास्टसारख्या मोठ्या केबल कंपनीने ते घ्यायला नकार दिला होता. दोनच दिवसांनी त्या चॅनलवर मिशिगनचा सामना होता. ॲपलेशियन स्टेट या खालच्या श्रेणीतल्या संघाने पाचव्या क्रमांकाच्या मिशिगनला त्यांच्याच मैदानावर ३४-३२ असं हरवलं. कॉलेज फुटबॉलच्या इतिहासातला एवढा मोठा धक्का, आणि मिशिगनमधल्या असंख्य घरांत तो दिसलाच नाही. पुढे जे झालं ते जिम डेलनी या कमिशनरच्या चिकाटीमुळे आणि पाठीशी फॉक्स होतं म्हणून. २००८ च्या उन्हाळ्यात कॉमकास्टशी जमलं आणि चॅनल सोन्याची खाण ठरलं.

पॅक-१२ ने २०१२ मध्ये चॅनल काढलं ते शंभर टक्के स्वतःच्या मालकीचं. एक राष्ट्रीय आणि सहा प्रादेशिक वाहिन्या. कमिशनर लॅरी स्कॉट यांचा विचार कागदावर चुकीचा नव्हता: नफा वाटायचाच कशाला? पण केबल कंपन्यांशी भांडायला मागे मोठं नेटवर्क नव्हतं. फॉक्स किंवा ईएसपीएन म्हणू शकतं, "हे चॅनल घेतलं नाहीस तर आमचं दुसरंही मिळणार नाही." पॅक-१२ कडे असं दुसरं काही नव्हतंच. डायरेक्टटीव्ही या मोठ्या सॅटेलाइट टीव्ही कंपनीने ते चॅनल शेवटपर्यंत घेतलं नाही. मुलांचे सामने होत राहिले आणि देशाच्या बऱ्याच भागात ते कुणाला दिसले नाहीत. २०२४ मध्ये ते बंद झालं.

माझं मत स्पष्ट आहे: मालकी थोडी सोडा, पण ताकदवान भागीदार घ्या.

पाचवी पायरी: बोलणी

आयपीएलचे हक्क ई-लिलावाने जातात. जून २०२२ मध्ये ४८,३९० कोटी रुपयांची बोली लागली ती सगळ्यांच्या देखत. अमेरिकी कॉन्फरन्स लिलाव करत नाहीत. चालू करारातच लिहिलेलं असतं की मुदत संपण्याआधी अमुक दिवस फक्त सध्याच्या नेटवर्कशीच बोलायचं. या मुदतीत जमलं नाही तरच बाजारात जाता येतं. तोवर इतरांशी अवाक्षर काढायचं नाही, निदान कागदोपत्री तरी.

इथे क्रमाला फार महत्त्व आहे. नेटवर्ककडे पैसा आणि शनिवारच्या खिडक्या दोन्ही मर्यादित असतात. पंगतीत आधी बसणाऱ्याच्या पानात भरपूर पडतं, उशिरा येणाऱ्याला उरलंसुरलं. २०२२-२३ मध्ये नेमकं हेच झालं, आणि ते मी तपशिलाने सांगणार आहे.

३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलए यांनी पॅक-१२ सोडून बिग टेनमध्ये जात असल्याचं जाहीर केलं. लॉस एंजेलिसची बाजारपेठ गेली. कमिशनर जॉर्ज क्लियावकॉफ यांनी नेटवर्कशी बोलणी लवकर सुरू केली. नंतर आलेल्या बातम्यांनुसार ईएसपीएनने त्या शरद ऋतूत प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे ३ कोटी डॉलर देऊ केले होते. अध्यक्षांना वाटलं आपली किंमत ५ कोटी आहे, आणि तसं उलट कळवलं गेलं. बोलणी तिथेच थंडावली.

इकडे बिग १२ चा करार खरं तर २०२५ पर्यंत होता. त्यांची पाळी पॅक-१२ च्या नंतरची. पण नवे कमिशनर ब्रेट यॉरमार्क यांनी ईएसपीएन आणि फॉक्सला मुदतीआधीच बोलणी करायला राजी केलं, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस वर सांगितलेला २२८ कोटींचा करार केला. बाजारातला सर्वोत्तम भाव तो नव्हता. पण पैसा आणि खिडक्या पॅक-१२ च्या आधी त्यांनी उचलल्या. ओक्लाहोमा आणि टेक्सस एसईसीला निघालेले असताना हे जमवलं, याचं कौतुक करायलाच हवं.

पॅक-१२ चे अध्यक्ष नऊ महिने आकड्याची वाट बघत राहिले. ग्रँट ऑफ राइट्सवर सही नाही, कारण आकडा नाही. २७ जुलै २०२३ ला कोलोरॅडो बिग १२ कडे गेलं. ऑगस्टच्या पहिल्या दिवशी ॲपलचा प्रस्ताव मांडला गेला: जवळजवळ सगळं स्ट्रीमिंगवर, सुरुवातीची रक्कम प्रत्येकी अडीच कोटींच्या आसपास, ग्राहक वाढले तर पुढे जास्त. ४ ऑगस्टला सकाळी सह्या होतील असं वाटत होतं. त्याच दिवशी वॉशिंग्टन आणि ऑरेगन बिग टेनकडे गेले, आणि ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट, युटा बिग १२ कडे. पुढे स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया एसीसीत शिरले. कॉर्व्हॅलिसमध्ये त्या संध्याकाळी माझ्या ओळखीच्या कुणालाच बोलायला शब्द सुचत नव्हते.

यातून कामाला येण्यासारखी गोष्ट घ्यायची तर ही: पहिला गंभीर प्रस्ताव आला की ठरलेल्या दिवसांत हो किंवा नाही सांगण्याचा अधिकार आधीच तीन-चार अध्यक्षांच्या लहान समितीला देऊन ठेवा. बारा जणांना एकमत व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ बाजार थांबत नाही.

सहावी पायरी: कलमं

रक्कम ठरली की सगळ्यांना हायसं वाटतं. वकिलांनी मात्र इथेच जागं राहायचं.

मुदत दोन्ही बाजूंना सारखीच बांधते का, हे आधी पाहा. एसीसीच्या विद्यापीठांचे हक्क २०३६ पर्यंत अडकलेले होते, पण ईएसपीएनवर मात्र २०२७ नंतर पुढे चालू ठेवायची सक्ती नव्हती. ते त्यांच्या मर्जीवर होतं. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी ते चालू ठेवलं, पण तोवर सगळ्यांचा जीव टांगणीला होता. शिवाय हा करार इतका गुप्त, की सदस्य विद्यापीठांनाही तो कॉन्फरन्सच्या मुख्यालयात जाऊनच वाचावा लागे. आपली प्रत आपल्याकडे असलीच पाहिजे, असा आग्रह धरा.

नवा सदस्य आला तर नेटवर्क त्याचा वाटा वाढवून देणार का, आणि कुठल्याही सदस्यासाठी की फक्त मोठ्या कॉन्फरन्समधून आलेल्यासाठी, हे स्पष्ट लिहून घ्या. बिग १२ च्या करारात मोठ्या कॉन्फरन्सच्या संघांसाठी हे कलम होतं, म्हणूनच पॅक-१२ चे चार संघ त्यांना झटपट घेता आले. उलट बाजूचं कलमही असतं: मोठे संघ गेले तर नेटवर्क भाव कमी करू शकतं.

सामन्याची वेळ किती दिवस आधी कळवायची हेही इथेच ठरतं. रिवाज बारा दिवसांचा, काही आठवड्यांत फक्त सहा दिवसांचा. सहा दिवस म्हणजे दुसऱ्या राज्यातून गाडी चालवत येणाऱ्या आईबापांनी हॉटेल कधी बुक करायचं? अशा सहा दिवसांच्या आठवड्यांना करारातच मर्यादा घालून घ्या. नेटवर्क कुरकुर करतं, पण ऐकतं.

सातवी पायरी: वाटणी

बिग टेन आणि एसईसी जुन्या सदस्यांत समान वाटतात, आणि तीच त्यांची ताकद. एसीसीत फ्लोरिडा स्टेटने डिसेंबर २०२३ मध्ये आणि क्लेमसनने पुढच्या मार्चमध्ये कॉन्फरन्सविरुद्ध दावे लावले. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली ती अशी की टीव्हीच्या पैशाचा मोठा भाग यापुढे प्रेक्षकसंख्येवर वाटायचा, आणि बाहेर पडण्याचा खर्च दरवर्षी उतरत जाणार. भांडण मिटलं, पण धाकट्या विद्यापीठांच्या खिशातून. नव्याने येणाऱ्यांचं तर विचारूच नका. डॅलसचं एसएमयू नऊ वर्षं टीव्हीचा वाटा न घेण्याच्या अटीवर एसीसीत आलं.

जून २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी प्रत्येकी सुमारे २.०५ कोटी डॉलरपर्यंत. ज्यांच्या घामावर हा सगळा डोलारा उभा आहे त्यांना अखेर वाटा मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण आता हिशेबाच्या पहिल्या ओळीतच ही रक्कम धरायला लागते.

एक खर्च मात्र अजूनही कुणी नीट मांडत नाही. सिएटलहून न्यू जर्सी सुमारे ३,९०० किलोमीटर. फुटबॉलचा संघ खास विमानाने वर्षातून काही वेळा जातो. सॉफ्टबॉल आणि व्हॉलीबॉलच्या मुली हंगामभर प्रवासात, परीक्षेच्या आठवड्यातही. करारावर सही करण्याआधी प्रत्येक खेळाचं प्रवासाचं वेळापत्रक मांडून अध्यक्षांपुढे ठेवा. फुटबॉलच्या करारासाठी बाकीच्या वीस खेळांच्या मुलांनी किती झोप गमवायची, हे सही करणाऱ्याला दिसलं पाहिजे.

पुढच्या फेऱ्या कधी?

बिग टेनचा करार २०२९-३० च्या हंगामानंतर संपतो, बिग १२ चा २०३०-३१ नंतर, आणि एसईसीचा ईएसपीएनशी असलेला दहा वर्षांचा करार २०३३-३४ पर्यंत आहे. मोठी बोलणी साधारण दीड-दोन वर्षं आधी सुरू होतात, म्हणजे बिग टेनच्या लोकांची तयारी २०२८ मध्येच चालू असेल. या क्षेत्रात यायचं असेल तर कॉन्फरन्सच्या कार्यालयातली उमेदवारी त्याआधी मिळवा, आणि पहिल्या दिवशी जुनी कागदपत्रं वाचायला मागा. सरकारी विद्यापीठांची बरीच पत्रं आणि हिशेब माहितीच्या कायद्याखाली मागता येतात. कॉन्फरन्सची करविवरणंही सार्वजनिक असतात. त्यात प्रत्येक सदस्याला किती मिळाले ते विद्यापीठवार लिहिलेलं असतं. मी सुरुवात तिथूनच केली होती, ऑरेगन स्टेटच्या ओळीवर बोट ठेवून.